मधपेट्यांखालचा शाफ्ट

मित्रांनो, रस्त्यानं जाणारी पिकअप गाडी पाहिली की तुम्ही काय पाहता? तिचा रंग, तिचे दिवे, फार तर मागच्या हौद्यातलं सामान. वाकून तिच्या पोटाखाली कोणी बघत नाही. तुम्हीही बघू नका, कपडे खराब झाले म्हणून घरी बोलणी खाल. पण बघितलंच, तर पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत गेलेली एक लांब लोखंडी नळी दिसेल. ती नळी म्हणजे मी. मला शाफ्ट म्हणतात. मी आता बराच जुना झालो आहे. अंगावर गंजाचे डाग आहेत, ग्रीस आणि धूळ मिळून पुटं चढली आहेत. पण जन्मभर गरागरा फिरलेल्याला सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि मला तर बोलायची भारीच हौस आहे.

आमच्या गाडीचं इंजिन पुढे बसतं आणि गाडी ढकलणारी चाकं मागे असतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेऊन पोचवायची, हे माझं काम. इंजिन गरजतं म्हणून त्याचं कौतुक होतं. चाकं धावतात म्हणून त्यांना धुतलं जातं. माझ्या वाट्याला येतो तो रस्त्यावरचा चिखल. त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण काम सुरू झालं की मी ते विसरतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी अखंड नाही, दोन तुकड्यांचा आहे. एवढी लांब नळी एकसंध ठेवली असती, तर उड्या मारायच्या दोरीसारखी मध्येच फुगून झुलली असती. म्हणून मला मध्ये जोड दिला, आणि त्या जोडापाशी गाडीच्या सांगाड्याला एक लोखंडी कमान टांगून तिच्यात रबराच्या गादीवर एक बेअरिंग बसवलं. त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात. मी फिरायचं आणि त्यानं मला धरून ठेवायचं, असा आमचा संसार.

कारखान्यातली एक गोष्ट आठवली की आजही मी थक्क होतो. मला एका यंत्रावर चढवून जोरात फिरवलं, तेव्हा मी थरथरलो. माझी एक बाजू किंचित जड होती. किती? डोळ्यांनी दिसणार नाही इतकी. यंत्रावरच्या बाईंनी नखाएवढा पत्रा घेतला, समोरच्या बाजूला चिकटवून डाग दिला आणि मला पुन्हा फिरवलं. मी इतका शांत फिरलो, की आपण फिरतोय हे मलाच कळेना. एवढं मोठं माझं धूड आणि नखाएवढ्या पत्र्यानं गप्प झालं! बाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "जा बाबा, आता कोणाला त्रास देऊ नकोस."

सुरुवातीची वर्षं मी विटा वाहिल्या, पाइप वाहिले, एकदा तर एका शाळेची सगळी बाकं वाहिली. नंतर गाडी एका मधपाळानं घेतली. मधपाळ म्हणजे मधमाश्या पाळणारा माणूस. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची आणि येणारे-जाणारे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो.

मधमाश्यांना फुलं लागतात. एका ठिकाणची फुलं सरली की मधपाळ पेट्या उचलतो आणि फुलं असतील तिथे नेऊन मांडतो. पहाटे माश्या घरात असतानाच पेट्यांच्या दारांना जाळी लावायची, पेट्या हौद्यात चढवायच्या, दोरांनी करकचून बांधायच्या, आणि ऊन तापायच्या आत पोचून दारं उघडायची. बंद पेटी उन्हात तापली तर आतलं मेण मऊ पडतं आणि माश्या गुदमरतात. म्हणून या कामात घाई असते आणि धक्का मात्र चालत नाही.

पेट्या पहिल्यांदा चढल्या तो दिवस काय सांगू तुम्हाला! तोपर्यंत मी मुकं ओझं वाहिलेलं होतं. विटा बोलत नाहीत, बाकं तर नाहीतच नाहीत. आणि त्या दिवशी हौद्यातून, सांगाड्यातून, कमानीतून झिरपत एक आवाज माझ्या अंगात उतरला. बारीक, भरलेला, न थांबणारा. हजारो जीव आपापल्या घरात पंख हलवत बसलेले, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच सूर. माझ्या लोखंडी अंगावर काटा येऊ शकत नाही, नाहीतर आला असता. मी मनाशी म्हटलं, अरे, आपण आता जिवंत गावं वाहून नेतोय.

बाबांनी मला फार जपलं. दर प्रवासाआधी ते गाडीखाली सरपटत येऊन माझ्या सांध्यांना ग्रीस देत. पुढे त्यांचे गुडघे धरले आणि ताई गाडी चालवू लागली. ताई माश्यांच्या बाबतीत बापापेक्षा सवाई होती. पण गाडीखाली कोणी जायचं, हे दोघांत कधी ठरलंच नाही. बाबांना वाटे ताई बघत असेल, ताईला वाटे बाबांनी बघितलं असेल. ग्रीस वाळलं. बेअरिंगखालची रबराची गादी चिरली, मग फाटली, आणि एका प्रवासात मी अक्षरशः कमानीवर आपटत गेलो.

त्या प्रवासाचं नुकसान मोठं होतं. पोळी मेणाची असतात. नवीन पोळं तर बोटानं दाबलं तरी तुटेल असं, आणि त्यात मध भरलेला. पेट्या उघडल्या तेव्हा कितीतरी पोळी तळाशी पडलेली होती. माश्या आपल्याच मधात बुडाल्या होत्या. काही पेट्यांत राणीमाशी चिरडली होती, आणि राणी गेली की ते घर मोडतं. ताईनं पडलेली पोळी एकेक करून उचलली. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं तर मी ह्यांना हलवणार नाही. विकून टाकू सगळं. जीव घेऊन कसला मध काढायचा?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांचा सगळा जन्म या माश्यांत गेला होता.

दुसऱ्या आठवड्यात गाडी शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेली. साहजिकच रिकामी गेली. मधमाश्या घेऊन गॅरेजात कोण जाईल? तिथल्या लोकांनी काम मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. गाडी यंत्रानं उंच उचलली. मला काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खुणा केल्या, म्हणजे पुन्हा जोडताना एक दाताही इकडेतिकडे होऊ नये. नवं बेअरिंग आणलं, नवी गादी आणली, कमानीचे बोल्ट घट्ट आवळले. मग गाडी खाली घेऊन रस्त्यावर एक फेरी मारली. मी गुपचूप फिरलो. बाबा खूश झाले. फोरमन म्हणाला, "आता लोण्यासारखी चालेल."

आणि रिकामी असेपर्यंत ती तशी चाललीही.

मग तो दिवस आला. आमच्याकडची फुलं सरली होती आणि घाटापलीकडे सूर्यफुलांची शेतं ऐन बहरात होती. पहाटे पेट्या चढल्या. यंदा ताईनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं नव्या राण्या वाढवून नवी घरं वसवली होती. त्या पेट्यांतली पोळी अगदी कोवळी, पांढरीशुभ्र होती. त्या पेट्यांवरून तिनं असा हात फिरवला, जसा आई झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवते.

सपाट रस्ता कसाबसा पार पडला. घाटाचा चढ लागला, पहिल्या वळणावर गाडी थांबून पुन्हा निघाली, आणि मला धडकी भरली. मी थरथरत होतो. माझे सांधे ठीक होते, बेअरिंग नवं होतं, पण कोणीतरी खांद्याला धरून मला तिरकं ओढावं तसं वाटत होतं. मला सरळ फिरायचं होतं आणि फिरता येत नव्हतं. माझी थरथर कमानीत गेली, कमानीतून सांगाड्यात, सांगाड्यातून पेट्यांत. वरचा सूर बदलला. भरलेला होता तो चढा झाला, तुटक झाला.

ताईनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून एका पेटीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"भेदरल्यात, बाबा."

"हळू हळू नेऊ."

"हळूच नेत होते मी. निघतानाच हादरते ती. अजून सगळा घाट बाकी आहे."

पुढच्या वळणावर, जिथे रस्ता जरा सपाट होतो, तिथे एक जुनं गॅरेज होतं. तिथे गाडी उचलायचं यंत्रबिंत्र काही नव्हतं. जमिनीत एक लांबट खड्डा होता. गाडी खड्ड्याच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून उभी करायची आणि मिस्त्रींनी खाली उतरायचं. मिस्त्री अंगानं आडवेतिडवे, दणकट, आवाज असा की इंजिनानं लाजावं. ते हसतमुखानं पुढे आले आणि हौद्यातला आवाज ऐकून जागीच खिळले.

"ताई, ह्यात काय आहे?"

"मधमाश्या."

मिस्त्रींची पाचावर धारण बसली. "वाघ आणा, हत्ती आणा, त्यांच्याखाली झोपून काम करतो. ह्या नकोत! मागं एक चावली होती ओठाला. बायकोसुद्धा ओळखेना मला. आधी उतरवा, मग बघतो."

"उतरवायला आम्ही दोघंच," बाबा म्हणाले, "आणि ऊन वर यायला लागलंय. दुपारच्या आत दारं उघडली नाहीत तर सगळ्या संपतील. जाळ्या पक्क्या आहेत हो, एकही बाहेर यायची नाही."

मिस्त्रींनी एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आत गेले आणि बाहेर आले ते रेनकोट घालून, हातमोजे चढवून, डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट घालून. एवढ्या काळजीतही ताईला हसू फुटलं. मिस्त्री खड्ड्यात उतरले आणि पहिल्याच फटक्यात त्यांचं हेल्मेट माझ्यावर टणकन आपटलं. मला लागलं नाही. त्यांना लागलं असावं.

त्यांनी माझा एकेक सांधा हलवून पाहिला. खुणा जुळतात का ते पाहिलं. जुळत होत्या. बेअरिंगमध्ये खोट नव्हती. बोल्ट तर असे घट्ट, की पान्हा लावून त्यांनाच घाम फुटला.

"सगळं जागच्या जागी आहे," हेल्मेटमधून त्यांचा आवाज आला. "मग हादरते कशानं? शाफ्ट काढून शहरात पाठवावा लागेल, फिरवून तोल बघायला. म्हणजे आजचं काही होत नाही."

बाबा खड्ड्याच्या काठावर एका जुन्या टायरवर मटकन बसले. "परत फिरू या मग."

"परत जाऊन काय खायला घालू त्यांना?" ताई म्हणाली. "आणि उतारावर हादरणार नाही का ती?" ती गुडघ्यांवर बसली आणि खड्ड्याच्या कडेनं वाकून माझ्याकडे बघू लागली. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मला लाजल्यासारखं झालं. तिला काही कळत नव्हतं, पण ती नजर काढेना.

"बाबा, हे बसवलं तेव्हा गाडी कशी होती?"

"कशी म्हणजे? वर उचललेली. मागची चाकं लोंबत होती, मी पाहिलं ना."

"आणि रिकामी."

"रिकामीच. पेट्या कशाला नेतील तिथे?"

ताईनं वर पेट्यांकडे पाहिलं. "आपण पेटी मांडतो तेव्हा ती रिकामी असते. पाणसळ लावून, सपाटी बघून तिला सरळ करतो. मधानं भरली की पुन्हा का लावायला लावता तुम्ही मला पाणसळ?"

"भरल्यावर पाय रुततात. पेटी कलते. मग आत पोळी तिरकी..." बाबा बोलता बोलता थांबले.

खड्ड्यात मिस्त्रींनी हेल्मेट काढलं.

मित्रांनो, माझं दुखणं त्या एका क्षणात तिघांनाही कळलं. मला बसवलं तेव्हा चाकं हवेत लोंबत होती, म्हणून माझा मागचा तुकडा खाली कललेला होता आणि जरा ताणलेला होता. त्या कलत्या अवस्थेतच कमान आवळली गेली. पेट्या चढल्या की मागचे पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, दबतात, मागची चाकं सांगाड्याच्या जवळ येतात, मी सरळ होऊ बघतो. पण कमान मला जुन्याच जागी धरून बसली होती. रिकाम्या गाडीत रबर तेवढं सहन करत होतं. भरलेल्या गाडीत त्याचाही इलाज चालेना.

मिस्त्रींनी घरातून आपल्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लटकवला आणि तो माझ्या दोन्ही तुकड्यांना लावून पाहिला. "पुढचा वेगळा, मागचा वेगळा," ते पुटपुटले. "आणि कमान बघा, मान वाकडी करून बसलीय. असंच राहू द्या गाडीला, ओझ्यासकट, चाकांवर. कोणी हात लावू नका."

त्यांनी कमानीचे बोल्ट सैल केले. काढले नाहीत, फक्त सैल केले. एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा.

आणि मग जे झालं ते आठवलं की मी अजून भारावून जातो. कोणी मला ठोकलं नाही, ढकललं नाही. कमान आपली आपण सरकली. किती? तांदळाच्या दाण्याएवढी असेल. बारीकसा 'टक्' असा आवाज झाला, रबराची पिळलेली गादी सुटून गोल झाली, आणि माझ्या अंगातला कितीतरी दिवसांचा ताण निघून गेला. मी सरळ झालो. वर इतक्या घरांचं ओझं होतं, आणि त्या ओझ्याखालीच मी सरळ झालो होतो!

मिस्त्रींनी नकळत हातमोजा काढला आणि उघडा तळवा माझ्यावर ठेवला. तसेच थांबले.

"अहो," ते हळूच म्हणाले. त्यांचा तो दांडगा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ह्या सगळ्या इथे ऐकू येतात की!"

"पेट्या वर असताना हात लावून बघितलं नव्हतं मी कधी," बाबा म्हणाले. ते गुडघे विसरून खड्ड्यात उतरले. ताईही उतरली. तिघांनी माझ्यावर हात ठेवले. वरचा सूर माझ्यातून त्यांच्या तळव्यांत जात होता. मी आयुष्यात इंजिनाची ताकद वाहिली होती, पण त्या वेळी वाहिलं तितकं मोठं काही वाहिलं नव्हतं.

मग मिस्त्री भानावर आले. त्यांनी कमान आणि सांगाडा यांच्यामध्ये पातळ वॉशर सरकवले, म्हणजे बेअरिंग जरा खाली येऊन दोन्ही कोन सारखे व्हावेत. कोनमापक लावला, एक वॉशर काढला, पुन्हा कोन मोजला. मान डोलावली. बोल्ट आलटूनपालटून आवळले. "शहरातल्या त्या लोकांनी वाईट काम केलेलं नाही," ते म्हणाले. "त्यांना काय माहीत, तुम्ही कुणाला घेऊन फिरता ते." खड्ड्यातून बाहेर आल्यावर मात्र ते पुन्हा पेट्यांपासून चार हात लांब उभे राहिले.

गाडी निघाली. मी जीव मुठीत धरून होतो. ताईनं क्लच सोडला, इंजिनानं जोर लावला, चढ सुरू झाला, आणि मी फिरलो. गप्प, सरळ, कुठेही न अडखळता. वळणामागून वळणं गेली. वरचा चढा सूर हळूहळू खाली आला, भरला, एक झाला. घाटमाथ्यावर ताईनं खिडकीची काच खाली केली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

शेताच्या कडेला गाडी थांबली तेव्हा ऊन तापायचं होतं. मला गाडीखालून फक्त सूर्यफुलांचे जाडजूड देठ आणि बाबांची पावलं दिसत होती. पेट्या उतरल्याचे आवाज आले. जाळ्या निघाल्या. मग जो झंकार उठला! माश्या आभाळात पसरल्या आणि सगळं शेत गुणगुणायला लागलं. थोड्या वेळानं ताईनं सगळ्यात नवी पेटी उघडली. आतली पोळ्याची चौकट वर उचलली असावी, कारण बाबांची पावलं एकदम थांबली. माझा जीव टांगणीला लागला.

"अख्खं आहे, बाबा," ताई म्हणाली. "आणि ही बघा राणी. चालतेय."

बाबा रडत होते. नाक शिंकरल्याचा आवाज माणसं लपवू शकत नाहीत. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "गाडीखाली मी जाईन."

"गुडघे बघा तुमचे. मी जाईन."

"मग दोघं जाऊ."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आता एक मागणं आहे, तेवढं ऐका. तुमच्या घरातही कोणीतरी सगळ्यांचं ओझं वाहत असेल. आई असेल, मोठी बहीण असेल, कामावरून उशिरा येणारे बाबा असतील. सुट्टीच्या दिवशी, निवांत बसल्या बसल्या तुम्ही विचारता, "बरी आहेस ना गं?" आणि ती म्हणते, "मला काय धाड भरलीय?" ती खोटं बोलत नसते. रिकामी गाडी पळवून बघितली तेव्हा मीही ठणठणीत होतो. तिला विचारायचं असेल तर तिचे दोन्ही हात भरलेले असताना विचारा. गॅसवर दूध, दाराशी माणूस आणि धाकट्याचा एक बूट सापडत नाही, अशा वेळी तिच्याजवळ जा. तिला कुठे करकचून आवळलंय ते बघा, आणि तेवढं एक जरा सैल करा. तिला ढकलावं लागत नाही. तीही आपली आपण सरळ होते.